झपाटलेल्या राजाची वंशावळ

रुग्णाची पूर्वपीठिका घेताना डॉक्टर त्याला विचारतात, नातेवाइकांना विचारतात, जुने कागद पाहतात. माद्रिदच्या राजवाड्यात १६९८ साली एका रुग्णाची पूर्वपीठिका थेट सैतानाला विचारण्यात आली. राजाचा पापनिवेदक फादर फ्रोइलान दियाझ आणि धर्मन्यायालयाचा प्रमुख यांनी उत्तर स्पेनमधल्या कांगास गावी निरोप धाडला. तिथल्या मठातल्या काही जोगिणींना सैतानाने पछाडले आहे, असा समज होता. त्यांच्या तोंडून सैतानाने निदान सांगितले. राजाला चौदाव्या वर्षी चॉकलेटच्या पेल्यातून करणी घातली गेली आहे, त्या पेल्यात मेलेल्या माणसाच्या शरीराचे अंश मिसळले होते, आणि म्हणून त्याला ना आरोग्य लाभते ना मूल होते. उपचारही आला: रोज अनशापोटी मंत्रवलेले तेल प्यायचे.

हा रुग्ण म्हणजे स्पेनचा राजा दुसरा कार्लोस. इंग्रजी पुस्तकांत तो दुसरा चार्ल्स म्हणून भेटतो. त्यामुळे घोटाळा होण्याची शक्यता आहे, कारण ज्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई बेट आंदण मिळाले तो इंग्लंडचा. मुंबईच्या आंदणाचा तह १६६१ सालचा, आणि आपला हा कार्लोस जन्मला तोही त्याच वर्षी, ६ नोव्हेंबरला. हॅब्सबर्ग घराण्याच्या स्पॅनिश शाखेचा तो शेवटचा राजा. त्याचे वडील चौथे फिलिप १६४० पर्यंत पोर्तुगालचेही राजे होते, म्हणजे काही काळ गोव्यावरही याच घराण्याचे नाव चालत होते. कार्लोसच्या वाट्याला आलेले राज्यही लहान नव्हते. स्पेन, अर्धा इटली, आजच्या बेल्जियमचा मोठा भाग, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा अमेरिका खंड आणि फिलिपिन्स. एवढ्या पसाऱ्याला वारस हवा होता. पाचच दिवसांपूर्वी कार्लोसचा थोरला भाऊ फेलिपे प्रोस्पेरो चार वर्षांचा होण्याआधीच वारला होता.

सरकारी पत्रकाने नव्या बाळाचे देखणे म्हणून वर्णन केले. परदेशी वकिलांनी आपापल्या राजांना कळवले ते वेगळे होते. बाळ अशक्त आहे, अंगावर पुरळ आहे, जगेल असे वाटत नाही. बाळ जगले. पण जवळजवळ चार वर्षे त्याला दाया अंगावर पाजत होत्या, बोलायला लागायला तितकीच वर्षे लागली आणि नीट चालायला त्याहून जास्त. खालचा जबडा इतका पुढे आलेला की वरचे आणि खालचे दात एकमेकांना भिडत नसत, त्यामुळे घास चावता येत नसे. जीभ मोठी, बोलणे अस्पष्ट. सतत जुलाब, उलट्या, ताप.

आता सैतानाने न सांगितलेली पूर्वपीठिका पाहू. ती मराठीत सांगणे सोपे आहे, कारण इंग्रजीत सगळ्यांना अंकल आणि कझिन म्हणून भागवावे लागते, आपल्याकडे प्रत्येक नात्याला नाव आहे. कार्लोसची आई मारियाना ही चौथ्या फिलिपच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. म्हणजे कार्लोसचे आईवडील मामा-भाची. आईची आई ही वडिलांची बहीण, म्हणून कार्लोसची आजी तीच त्याची आत्या. मुळात मारियाना ठरली होती ती फिलिपचा मुलगा बाल्टासार कार्लोस याच्यासाठी. तो मुलगा १६४६ मध्ये वारला, तेव्हा ४४ वर्षांच्या मामाने पंधरावे वर्ष चालू असलेल्या भाचीशी स्वतःच लग्न केले. ते साल १६४९.

हे एकच लग्न असते तरी ठीक. पण कार्लोसचा पणजोबा दुसरा फिलिप यानेही आपल्या सख्ख्या बहिणीच्या मुलीशी, आनाशी, लग्न केले होते. दुसऱ्या बाजूचा पणजोबा स्टायरियाचा चार्ल्स, त्याची बायकोही त्याची सख्खी भाची. घराण्याच्या दोन शाखा होत्या, एक माद्रिदला आणि एक व्हिएन्नाला. रीत अशी पडली की माद्रिदची मुलगी व्हिएन्नाला द्यायची आणि तिची मुलगी माद्रिदला करून आणायची. आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी चालते, पण दिलेली वेल परत माहेरी येऊ नये असा संकेत असतो. हॅब्सबर्गांकडे वेल पिढ्यान्‌पिढ्या परत येत राहिली. मामा-भाचीच्या लग्नाला चर्चची मनाई होती, तेव्हा पोपची खास परवानगी काढली जाई आणि ती मिळत असे. कारण उघड होते. लग्नातून हे साम्राज्य जमले होते, आणि लग्नातूनच ते दुसऱ्याच्या घरात जाऊ शकत होते. म्हणून मुली घरातच ठेवायच्या. परिणाम असा की कार्लोसचे आठही पणजोबा-पणजी, पहिला फिलिप आणि हुआना या एकाच जोडप्याचे वंशज होते.

यात शरीराचे काय होते? आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रत्येक माणूस काही बिघडलेल्या प्रती घेऊन हिंडत असतो, अगदी ठणठणीत माणूससुद्धा, कारण दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. नात्याबाहेरच्या जोडीदाराकडे नेमकी तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता फार कमी. पण दोघांचे पूर्वज एकच असतील तर तीच प्रत दोन्ही वाटांनी बाळापर्यंत पोहोचू शकते, आणि मग निभावून न्यायला कोणी उरत नाही. ही शक्यता मोजण्यासाठी शास्त्रज्ञ एक आकडा काढतात, त्याला अंतःप्रजनन गुणांक म्हणतात. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची ती शक्यता. आते-मामे भावंडांच्या मुलात ती ६.२५ टक्के, मामा-भाचीच्या मुलात १२.५ टक्के, सख्ख्या बहीण-भावाच्या मुलात २५ टक्के.

स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला विद्यापीठातले गोन्झालो आल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घराण्याची सोळा पिढ्यांची, तीन हजारांहून अधिक नातेवाइकांची वंशावळ संगणकात भरली आणि २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. घराण्याचा मूळ पुरुष पहिला फिलिप याचा गुणांक २.५ टक्के निघाला. कार्लोसचा २५.४ टक्के. त्याचे आईवडील कागदोपत्री मामा-भाची होते, पण मागच्या सगळ्या पिढ्यांची बेरीज केल्यावर ते सख्ख्या बहीण-भावाइतके जवळचे ठरतात. या घराण्यातल्या अकरा लग्नांपैकी नऊ नात्यातली होती. १५२७ ते १६६१ या काळात स्पॅनिश राजघराण्यात ३४ मुले जन्मली. त्यांतली दहा वर्षाच्या आत गेली आणि सतरा, म्हणजे निम्मी, दहा वर्षांची होण्याआधी. त्याच काळात स्पेनच्या खेड्यांत वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. राजवाड्यात ते २९ टक्क्यांवर. उपासमार नाही, दायांची वाण नाही, देशातले नावाजलेले वैद्य दाराशी, तरीही.

याच कुटुंबात दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. चौथ्या फिलिपला मारिया काल्देरोन नावाच्या नटीपासून एक मुलगा झाला होता, हुआन होसे. बाप तोच, पण आई नात्याबाहेरची. हा हुआन होसे धडधाकट निघाला, सेनापती झाला, पन्नाशीपर्यंत जगला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण नजरेआडही करता येत नाही.

दुसरे उदाहरण नेमके उलट बाजूचे. कार्लोसची सख्खी थोरली बहीण मार्गारिता. व्हेलास्केझच्या लास मेनिनास या प्रसिद्ध चित्रात मधोमध पांढऱ्या झग्यात उभी असलेली सोनेरी केसांची पाच वर्षांची मुलगी ती हीच. आईबाप तेच, म्हणून गुणांकही अगदी तोच, २५.४ टक्के. पण ती भावासारखी रोगट नव्हती. गुणांक हा शक्यतेचा आकडा आहे. कोणत्या बाळाच्या वाट्याला कोणत्या दोन प्रती येतील हे तो सांगत नाही. मार्गारिता वाचली, कार्लोस सापडला. तिचे पुढे काय केले? तिला तिच्या सख्ख्या मामाला, व्हिएन्नाच्या सम्राट लिओपोल्डला दिले. एकविसाव्या वर्षी ती वारली. तिच्या चार मुलांपैकी एकच मुलगी वाढली, आणि तिचा गुणांक कार्लोसपेक्षाही जास्त होता.

बापाच्या मृत्यूच्या वेळी, सप्टेंबर १६६५ मध्ये, कार्लोस चार वर्षांचाही नव्हता. कारभार आईच्या हाती आला. तिने आधी आपल्या जेझुइट पापनिवेदकावर, नितार्डवर, भिस्त ठेवली, मग वालेन्सुएला नावाच्या दरबाऱ्यावर. सावत्र भाऊ हुआन होसे या दोघांच्याही पाठी लागला. १६७७ मध्ये त्याने सैन्य घेऊन सत्ता ताब्यात घेतली, राजमातेला टोलेडोला धाडले आणि दोन वर्षांत स्वतःच मेला. दरम्यान १६६८ मध्ये पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले, १६७८ च्या तहात फ्रांश-कोंते प्रांत फ्रान्सने घेतला. या सगळ्या ओढाताणीत राजा कुठे होता, तर बहुतेक वेळा ज्याच्या हाती तो सापडेल त्याच्या बाजूला. शरीर त्याचे, सही त्याची, निर्णय दुसऱ्याचा.

पण त्याला सरसकट मतिमंद ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. युरोपातल्या जुन्या पुस्तकांनी तसे रंगवले, आणि त्या पुस्तकांना रंगवायला आवडतही होते, कारण पुढे सत्ता ज्यांच्या हाती गेली त्यांना मागचा राजा जितका नालायक तितका बरा. कार्लोस शिकारीला जाई, कागदपत्रांवर सही करी, स्वतःच्या घराण्याच्या मानाची त्याला पक्की जाणीव होती. त्याच्या कारकिर्दीत १६८० साली तांब्याच्या भरमसाट पाडलेल्या नाण्यांचे मूल्य एका फटक्यात उतरवण्यात आले. लोकांचे हाल झाले, पण चलन पुढे स्थिरावले. ते मंत्र्यांचे काम हे खरे. तरी पस्तीस वर्षे हे राज्य मोडले नाही, हेही खरे.

त्याचे पहिले लग्न १६७९ मध्ये झाले. वधू फ्रान्सच्या चौदाव्या लुईची पुतणी मारी लुईझ, वय १७. तीही नात्यातलीच. तिची आजी कार्लोसची सख्खी आत्या. कार्लोस तिच्यावर जीव टाकत असे. मूल मात्र होईना, आणि दोष तिच्याकडे गेला. माद्रिदच्या रस्त्यांवर तिला उद्देशून टोमण्यांची गाणी फिरत होती: मूल द्या, नाहीतर पॅरिसला चालत्या व्हा. नवस झाले, तीर्थयात्रा झाल्या, औषधे झाली, ती सगळी तिच्यावर. फेब्रुवारी १६८९ मध्ये दोनतीन दिवसांच्या पोटदुखीने ती २६ व्या वर्षी गेली. विषप्रयोगाची कुजबुज झाली. आजचे डॉक्टर ते वर्णन वाचून आंत्रपुच्छाचा दाह असावा असे म्हणतात.

दुसरी बायको निवडताना दरबाराने अगदी व्यवहारी निकष लावला. न्यूबर्गच्या मारिया आनाच्या आईला सतरा मुले झाली होती. गाय निवडावी तशी ही निवड. १६९० मध्ये लग्न झाले. राणीला दिवस गेल्याच्या बातम्या वरचेवर उठत आणि विरून जात. दोष याही राणीकडे, नाहीतर मग करणीकडे. दोष आपल्या राजाच्या शरीरात असू शकतो हे बोलण्याची सोय राजवाड्यात नव्हती. त्यामुळे करणी सर्वांनाच सोयीची होती. ती घालणारा बाहेरचा, आणि राजा निर्दोष.

तिशीतच तो म्हाताऱ्यासारखा दिसू लागला. पाय, पोट, चेहरा सुजलेला. लघवीतून अधूनमधून रक्त. झटके येत, भास होत. १६९६ मध्ये आई स्तनाच्या कर्करोगाने गेली आणि त्याचा उरलासुरला आधार तुटला. युरोपभरच्या वकिलातींची पत्रे त्याच्या शौचापासून भुकेपर्यंतच्या नोंदींनी भरलेली होती, कारण हा माणूस मेला की जगातले सर्वांत मोठे राज्य वाटणीला निघणार होते. १६९८ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि हॉलंड यांनी त्याला न विचारता ती वाटणी कागदावर करूनही टाकली. कार्लोसला कळले तेव्हा तो संतापला. त्याने मृत्युपत्र करून सबंध राज्य एका सहा वर्षांच्या मुलाला दिले, बव्हेरियाच्या होसे फर्नांदोला. हा मार्गारिताच्या त्या एकुलत्या वाढलेल्या मुलीचा मुलगा. फेब्रुवारी १६९९ मध्ये तोही वारला.

मग मंत्रतंत्रांनी जोर धरला. तेलाने राजाला आणखी उलट्या झाल्या असतील तर नवल नाही. संतांचे अवशेष, त्यांचे जपून ठेवलेले देह, त्याच्या खोलीत आणले गेले. शेवटच्या आजारात डोक्यावर नुकतीच मारलेली कबुतरे आणि पोटावर प्राण्यांची गरम आतडी ठेवल्याची वर्णने आहेत. त्या काळच्या वैद्यकाला ते शास्त्रोक्त वाटत होते. त्या अवस्थेत ऑक्टोबर १७०० च्या सुरुवातीला त्याने शेवटच्या मृत्युपत्रावर सही केली. राज्य चौदाव्या लुईचा नातू फिलिप याला, पण एका अटीवर: एक इंचही तोडायचे नाही. आयुष्यभर ज्या फ्रान्सशी लढाया हरला त्याच फ्रान्सच्या राजपुत्राला राज्य देण्यामागे हिशोब होता. ते अखंड राखण्याची ताकद दुसऱ्या कोणात नव्हती. हा निर्णय त्याला सल्लागारांनी सुचवला असेल, पण मरणशय्येवर बायको दुसऱ्या बाजूला ओढत असताना तो त्यावर टिकला. १ नोव्हेंबर १७०० ला तो गेला. एकोणचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

शवविच्छेदनाचा वृत्तान्त आज सगळीकडे फिरतो. हृदय मिरीच्या दाण्याएवढे, फुप्फुसे झिजलेली, आतडी सडलेली, अंगात रक्ताचा थेंब नाही, वृषण एकच आणि तेही कोळशासारखे काळे, डोके पाण्याने भरलेले. हे जसेच्या तसे घेऊ नये. मिरीएवढ्या हृदयावर कोणी एकोणचाळीस वर्षे जगत नाही. लिहिणाऱ्याने जे पाहिले त्यावर भयाचा आणि अलंकाराचा थर चढलेला आहे. तो थर खरवडला तरी खंगलेले शरीर, पोटात कुजलेला भाग आणि डोक्यात साचलेले पाणी एवढे उरते.

आल्वारेझ यांच्या चमूने लक्षणे जुळवून दोन आनुवंशिक आजारांची शक्यता मांडली. एक, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची अनेक संप्रेरके पुरेशी न तयार होणे. त्यातून खुंटलेली वाढ, स्नायूंची दुर्बलता, वंध्यत्व येऊ शकते. दोन, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना शरीरातले आम्ल नीट बाहेर टाकता न येणे. त्यातून मुडदूस, स्नायूंची कमजोरी, लघवीतून रक्त. दोन्ही आजार दोन बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या की होऊ शकतात. चौकट बसते, पण हा पुरावा नव्हे. हे निदान तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वकिलांच्या पत्रांवरून केलेले आहे, रक्ताच्या थेंबावरून नाही. जबड्याबाबत थोडे जास्त हाती लागले. २०१९ मध्ये याच शास्त्रज्ञांनी शल्यविशारदांकडून या घराण्याची ६६ तैलचित्रे तपासून घेतली, आणि गुणांक वाढतो तसा पुढे आलेल्या जबड्याचा दोषही वाढतो असा संबंध त्यांना आढळला.

महाराष्ट्रात मामाची मुलगी, कर्नाटक-आंध्र-तमिळनाडूत सख्खी भाची, अशी लग्ने आजही होतात, म्हणून आकडे सांगायला हवेत. नात्याबाहेरच्या जोडप्यांत शंभरातल्या साधारण दोन-तीन बाळांत जन्मतः गंभीर दोष आढळतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. म्हणजे शंभरातली नव्वदहून अधिक बाळे तिथेही निरोगीच असतात. हॅब्सबर्गांचे झाले ते एका लग्नाने झाले नाही. मागच्या पिढीतल्या नात्यावर पुढच्या पिढीतले नाते चढत गेले. म्हणूनच जनुकीय समुपदेशनाला गेलेल्या जोडप्याला डॉक्टर आजी-आजोबांचीही लग्ने विचारतात, आणि घरात लहानपणी गेलेली मुले कोणती तेही.

फादर दियाझ यांना पुढे धर्मन्यायालयानेच कोठडीत टाकले. १७०४ मध्ये ते निर्दोष सुटले. तोवर राज्याच्या वाटणीचे युद्ध सुरू होऊन तीन वर्षे झाली होती आणि त्याच वर्षी इंग्रजांनी जिब्राल्टर घेतले. नवा राजा पाचवा फिलिप हा कार्लोसच्या सावत्र बहिणीचा नातू. त्या बहिणीचे लग्न चौदाव्या लुईशी झाले होते. ती त्याची मामेबहीण होती आणि आतेबहीणही. त्या दोघांच्या सहा मुलांपैकी एकच वाढले.